उसन्या पाण्यावरची नदी

मे महिन्यातली संध्याकाळ. आभाळात ढगाचा ठिपका नाही, मृगाला अजून तीन आठवडे आहेत. चिपळूणजवळ खडपोलीच्या बाजूला वाशिष्ठी नदीच्या पात्रात कपडे धुणाऱ्या बाया एकदम बादल्या आणि पिळे उचलून काठावर चढतात. मघाशी ज्या दगडावर साबण ठेवला होता त्याला पाणी लागलेलं असतं. पाऊस नाही, आणि भरती तर इतक्या वरपर्यंत येत नाही. तरी कुणी आश्चर्य करत नाही. "कोयनेचं सुटलं," एवढं बोलून मंडळी घराकडे वळतात.

माझं अर्धं आयुष्य या नदीच्या काठी गेलं, आणि हे दृश्य नवलाचं आहे हे कळायला मला शास्त्री आणि काजळी पाहाव्या लागल्या. त्याही सह्याद्रीतून निघून पश्चिमेला समुद्राला मिळणाऱ्या, रत्नागिरी जिल्ह्यातल्याच नद्या. मे महिन्यात त्यांच्या वरच्या अंगाला दगडगोटे उघडे पडलेले असतात, मध्ये कुठे कुठे कोंड, म्हणजे खोल डोह, तेवढे भरलेले. कोकणातल्या नदीने उन्हाळ्यात असंच दिसायचं असतं. वाशिष्ठी तशी दिसत नाही, कारण तिच्यात वाहणारं पाणी तिचं नाही. ते घाटावरून येतं, एका हिशेबाने येतं, आणि त्या हिशेबात नदी नावाचा रकानाच नाही. हे प्रकरण त्या रकान्याचं आहे.

आधी पाण्याचा प्रवास सांगतो. कोयना महाबळेश्वरला उगवते, सह्याद्रीला समांतर दक्षिणेकडे येते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कऱ्हाडला कृष्णेला मिळते. वळणाच्या त्या ठिकाणाजवळच धरण आहे. त्याच्या मागे पसरलेल्या शिवसागर जलाशयाची क्षमता १०५.२५ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट). जलाशयाच्या पश्चिमेला डोंगराची एक भिंत, आणि भिंतीपलीकडे कोकण एकदम खाली. अभियंत्यांना आणखी काय हवं असतं! डोंगरातून बोगदा काढला, पाणी पोफळीच्या भूमिगत वीजगृहावर सुमारे पावणेपाचशे मीटर खाली सोडलं, आणि १९६२ पासून यंत्रं फिरू लागली. पुढे दुसरा टप्पा आला. चौथ्या टप्प्यासाठी मार्च १९९९ मध्ये जलाशयाच्या तळाशी स्फोट करून, म्हणजे लेक टॅपिंग करून, पाणी घेतलं. दुसरं लेक टॅपिंग एप्रिल २०१२ मध्ये झालं. या तिन्ही टप्प्यांचं पाणी कोळकेवाडीच्या धरणात जमा होतं. तिथून आणखी शंभरेक मीटर खाली पडताना ते तिसऱ्या टप्प्याची ३२० मेगावॉटची वीज देतं आणि मग वाशिष्ठीच्या खोऱ्यात सुटतं. धरणाच्या पायथ्याचं छोटं वीजगृह धरून सगळा प्रकल्प साधारण १,९६० मेगावॉटचा, आणि त्यातला एकट्या चौथ्या टप्प्याचा वाटा १,००० मेगावॉट.

वीज काढून झाल्यावर उरणाऱ्या या पाण्याला सरकारी कागदात अवजल म्हणतात. शब्द मोठा मासलेवाईक आहे. ज्याचं काम संपलं ते अवजल. खाली कुणाचं काम त्याच पाण्यावर सुरू होतं, हे त्या शब्दाला ठाऊक नाही.

किती पाणी? कृष्णा पाणीतंटा लवादाने, म्हणजे बच्छावत लवादाने, कोयनेतून पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. वर्ष १ जून ते ३१ मे असं धरायचं. बारा महिने समान सोडलं तर हे सेकंदाला सरासरी २,१४० घनफूट होतं, म्हणजे सुमारे ६० घनमीटर. पण समान कधीच सुटत नाही. तिसऱ्या टप्प्याची चारही यंत्रं पूर्ण ताकदीने चालली तर ढोबळ गणिताने सेकंदाला ३०० घनमीटरच्या आसपास पाणी लागतं, सरासरीच्या पाचपट. यंत्रं थांबली की शून्य. त्या दगडावरचा साबण या पाचपट आणि शून्य यांच्या मध्ये कुठेतरी असतो.

हे असं का चालतं ते समजून घेतल्याशिवाय नुसतं बोट दाखवणं बरं नाही. औष्णिक केंद्र थंड पडलं की पुन्हा तापवायला तास न् तास लागतात. पाण्याचं यंत्र काही मिनिटांत पूर्ण भार उचलतं. संध्याकाळी मुंबई-पुण्याचे दिवे, पंखे, लिफ्टा, एसी एकदम सुरू होतात, किंवा कुठला मोठा संच अचानक बंद पडतो, तेव्हा ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्राचा पहिला फोन कोयनेला जातो. अलीकडे सौर वीज वाढल्यावर हे अधिकच झालं. दुपारी वीज मुबलक आणि स्वस्त असते, सूर्य कलला की टंचाई. वीज बाजारात दुपारी दोन-तीन रुपयांना मिळणारं युनिट संध्याकाळी दहा रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन टेकल्याचं अनेकदा दिसतं. एक घनमीटर पाणी दोन्ही पायऱ्या उतरून सुमारे दीड युनिट देतं, एक टीएमसी सुमारे चार कोटी युनिटं. तेव्हा तेच पाणी दुपारी सोडायचं की संध्याकाळी, हा प्रश्न कोट्यवधी रुपयांचा आहे. कोळसा न जाळता मिळणारी ही वीज आहे, आणि मार्च २०१९ पासून केंद्राने मोठी जलविद्युतही नवीकरणीय गणली आहे. कोयना बंद करा म्हणणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही, आणि भेटला तर मीच त्याच्याशी भांडेन.

पण सूर्यास्तानंतरची ती घाई वाढत जाईल तसे वाशिष्ठीचे हिसकेही वाढतील. सौर पॅनेल राजस्थानात लागतं आणि त्याचा परिणाम चिपळूणजवळ पिंपळीला वाशिष्ठीच्या पात्रात दिसतो. ही साखळी कुठल्याही पर्यावरण अहवालात एका पानावर मांडलेली मी पाहिलेली नाही.

आता खाली येऊ. चिपळूण शहर ओलांडल्यावर गोवळकोटला नदी खाडीला भेटते. तिथून दाभोळ-अंजनवेलपर्यंत दाभोळची खाडी. वाटेत उजव्या अंगाने खेडहून येणारी जगबुडी मिळते. खाडीचं मूळ घड्याळ चंद्राचं: दिवसाला दोन भरत्या, दोन ओहोट्या, अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यात लहान भरती. वर्षाचं घड्याळ पावसाचं. दिवाळीनंतर गोडं पाणी ओसरत जातं, खारं पाणी हळूहळू वर सरकतं, चैत्र-वैशाखात ते सगळ्यात आत पोचतं, आणि जूनचा पहिला लोंढा ते एका झटक्यात बाहेर लोटतो. त्या लोंढ्याच्या वासावर मासे चढणीला लागतात. खाडीतल्या जिवांनी आपले संसार या दोन घड्याळांवर बसवले आहेत.

साठ वर्षांपूर्वी तिसरं घड्याळ आलं, ऐरोलीचं.

गोवळकोटच्या धक्क्यावर भोई समाजातले एक काका असतात. वय सत्तरीच्या पुढे, पाग, म्हणजे फेकायचं जाळं, अजून स्वतः विणतात. त्यांना विचारलं, "काका, पाणी सुटल्याचं तुम्हाला इथे कसं कळतं? इथे तर भरती-ओहोटीतच सगळं झाकलं जातं." ते हसले. "बोट बुडवायचा आन् जिभंला लावायचा. वोटीला पानी खारट लागाया होवा. गोडा लागला म्हंजे वरनं सुटलंय. मग घटकाभर जाला टाकून काय गावायचा नाय." शास्त्रज्ञ क्षारता मोजायला यंत्र वापरतात. काकांचं यंत्र त्यांच्या तोंडात आहे, आणि त्याच्या नोंदी पन्नास वर्षांच्या आहेत, फक्त लिहिलेल्या नाहीत.

क्षारता अशी वरखाली झाल्याने नेमकं काय होतं? बोय, काळुंद्रं यांच्यासारखा मासा पोहून जागा बदलतो, त्याचं फारसं बिघडत नाही. कालवं, मुळे, तिसऱ्या या शिंपल्यातल्या जिवांना पाय नाहीत. पाणी फार गोडं झालं की शिंपला मिटून बसणं एवढंच त्यांच्या हाती. मिटलेल्या शिंपल्यात खाणं नाही, वाढ नाही, आणि दिवस लांबले की मरण. खाडीतल्या बायकांची कमाई मुख्यतः याच जिवांवर. म्हणून वरच्या खाडीत तिसऱ्या सापडेनाशा झाल्या की घरातल्या बाईच्या हातातले चार पैसे आधी जातात, पुरुषाचा गळ मात्र चालू राहतो. नदीच्या वरच्या भागात वेगळंच. तिथे शिवसागराच्या पोटातलं, उन्हाळ्यातही गार असलेलं, गाळ मागे ठेवून आलेलं पाणी सुटतं. उथळ वाळूवर घातलेली अंडी एका संध्याकाळी धुतली जातात, दुसऱ्या दुपारी उघडी पडून सुकतात.

फायदा झालेले जीवही आहेत, ते लपवायला नको. मगर हा गोड्या पाण्याचा प्राणी. चिपळूण परिसरात मगरी इतक्या आहेत की लोक होडीतून त्या बघायला येतात, आणि पावसाळ्यात एखादी शहराच्या रस्त्यावर फिरते तेव्हा मोबाईलवर तिचीच फिरवाफिरवी चालते. बारमाही गोड्या पाण्याने त्यांची चंगळ झाली असावी, असा माझा अंदाज आहे. पण मगर अंडी उन्हाळ्यात, काठच्या मातीत घालते. पाणी कुठवर चढेल हे तिला चंद्राकडे किंवा ढगांकडे बघून कळेलही, वीज बाजाराचे भाव तिला कुठून कळणार?

शिवाय या पाण्यावर आता माणसंही बसली आहेत. चिपळूण नगरपालिकेच्या जॅकवेल, म्हणजे पाणी उचलायच्या विहिरी, याच नदीवर आहेत. लोटे परशुराम आणि खडपोलीच्या औद्योगिक वसाहती याच नदीचं पाणी उचलतात. उन्हाळ्यात कोयनेची वीजनिर्मिती काही दिवस बंद राहिली की चिपळुणात नळाला पाणी नाही, आणि भरतीबरोबर खारं पाणी जॅकवेलपर्यंत यायची भीती. लोट्याच्या रसायनांचं सांडपाणी दाभोळ खाडीत उतरतं. मेलेल्या माशांचे खच काठाला लागल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येत आहेत. वरून गोडं पाणी येत असतं तेव्हा ते विष पातळ होतं. पाणी थांबलं की दाट. थोडक्यात, नदीला जे पाणी नैसर्गिक नव्हतं तेच आता तिचा श्वास झालं आहे. म्हणून "नदी पूर्ववत करा" ही मागणी ऐकायला गोड असली तरी इथे लागू पडत नाही. पूर्ववत म्हणजे मे महिन्यात कोरडी, आणि खाली लोटे तसंच.

देशाचे नियम या बाबतीत काय म्हणतात ते पाहिलं तर गंमत वाटते. २०१२ च्या राष्ट्रीय जलनीतीत नदीच्या पर्यावरणासाठी प्रवाहाचा काही भाग राखावा, आणि कमी-जास्त विसर्ग नैसर्गिक प्रवाहाच्या प्रमाणात असावेत, असं म्हटलं आहे. वाक्य चांगलं आहे. पुढे त्याचं रूपांतर आकड्यात झालं तेव्हा फक्त पहिला अर्धा भाग उरला. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने सर्व नद्यांत टंचाईकाळातल्या सरासरी प्रवाहाच्या किमान १५ ते २० टक्के पाणी ठेवायला सांगितलं. ऑक्टोबर २०१८ च्या गंगेच्या अधिसूचनेत वरच्या गंगेसाठी नोव्हेंबर ते मार्च २० टक्के, ऑक्टोबर, एप्रिल आणि मे मध्ये २५, पावसाळ्यात ३० असे आकडे आले. सगळे किमान. आतापर्यंतचं भांडण धरणाखाली नदी कोरडी पडण्याचं होतं, त्यामुळे ते साहजिकच होतं. घाटावरच्या कोयनेला हा नियम शोभतो. शिवसागराच्या क्षमतेच्या जवळपास दोन तृतीयांश इतकं पाणी दरवर्षी तिच्या खोऱ्याबाहेर जातं.

वाशिष्ठीची तक्रार उलटी आहे. तिला किमान प्रवाहाची कसोटी लावली तर ती पहिल्या वर्गात पास होईल! तिचं दुखणं आहे कमाल किती, किती मिनिटांत आणि कोणत्या वेळी. या तिन्हींना आपल्या नियमांत जागा नाही.

ही एकट्या वाशिष्ठीची कथा नाही. रायगडात मुळशीचं पाणी १९२७ पासून भिऱ्याच्या वीजगृहातून कुंडलिकेत येतं. कोलाडला शहरातली मंडळी सकाळी राफ्टिंगला जातात ती वीजगृहाच्या त्या पाण्यावरच. (मुळशीला ज्यांची शेतं बुडाली त्यांनी १९२१ मध्ये सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला होता. राफ्टमध्ये बसताना हे कुणी सांगत नाही.) खोपोलीचं पाणी पाताळगंगेत, भिवपुरीचं उल्हास खोऱ्यात. म्हणजे उत्तर कोकणातल्या तीन आणि ही चौथी, अशा चार नद्या देशावरच्या पाण्यावर शंभर ते साठ वर्षं चालल्या आहेत.

पुराचा विषय टाळता येणार नाही. २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ या दोन तारखा चिपळूणकराला जन्मतारखेसारख्या पाठ आहेत. दुसऱ्या पुरानंतर बाजारपेठेत पहिलं वाक्य होतं, "कोयनेचं पाणी सोडलं म्हणून झालं." मी हे मानत नाही, निदान जसं बोललं जातं तसं नाही. शहर बुडवणारा लोंढा सह्याद्रीच्या उतारावरच्या पावसाचा होता, खाली उधाणाची भरती, मध्ये गाळाने भरलेलं पात्र आणि पूररेषेत उभी बांधकामं. यंत्रांचं पाणी त्यापुढे लहान. पण लहान म्हणजे शून्य नव्हे, आणि अटीतटीच्या तासांत यंत्रं थांबवणं हा एकच नळ माणसाच्या हातात असतो. तो कोण, कधी, कुणाला विचारून फिरवतो हे लोकांना आधी माहीत असतं तर निम्मी अफवा जागीच मेली असती.

पुरानंतर चिपळूण बचाव समितीने उपोषण केलं आणि गाळ काढायचं काम सुरू झालं. ते गरजेचं होतं. तरी पोकलेन नदीत उतरले तेव्हा गाळाबरोबर बेटं आणि वाळूचे उंचवटेही गेले, जिथे मगरी ऊन खायच्या आणि पाणपक्षी बसायचे. बुडालेल्या दुकानदारासमोर हे बोलण्याची माझी हिंमत झाली नाही, म्हणून इथे लिहितो.

मग करायचं काय? मला एकच जागा दिसते, कोळकेवाडी. वर १,६०० मेगावॉटचे तीन टप्पे आहेत, ते हवे तेव्हा हवे तसे चालू द्यावेत. त्यांचं पाणी नदीत पडत नाही, कोळकेवाडीच्या जलाशयात पडतं. नदीला भिडतो तो फक्त तिसरा टप्पा, एकूण क्षमतेच्या जेमतेम सहावा हिस्सा. वर्षाचा कोटा दिवसांत वाटला तर रोजचं सरासरी पाणी ०.१८५ टीएमसी होतं. कोळकेवाडीची एकूण साठवण एक-सव्वा टीएमसी आहे. तळचं न वापरता येणारं पाणी सोडलं तरी एक-दोन दिवसांची सरासरी तिच्यात सहज मावावी. म्हणजे संध्याकाळचा झटका वर घ्यायचा, मधल्या भांड्यात जिरवायचा आणि खाली नदीत पाणी सावकाश, दिवसभर सोडायचं, हे निदान गणितात बसतं. तोटा होईल तो सहाव्या हिश्श्याच्या वीजभावातल्या फरकाचा. युनिटं बुडणार नाहीत. चारही टप्पे एकाच वेळी कमाल चालवायचे दिवस अपवाद म्हणून ठेवता येतील, आणि त्या दिवशी भोंगा आणि मोबाईलवर संदेश.

यात एक खाच आहे. ३१ मे. जलवर्ष त्या रात्री संपतं. कोटा शिल्लक असेल तर तो वापरून टाकायची घाई, संपला असेल तर यंत्रं बंद. पावसाने दगा दिलेल्या वर्षी तर उन्हाळ्यात आधी सिंचन आणि पिण्याचं पाणी, मग वीज. तिन्ही गोष्टी येऊन पडतात त्या खाडी सगळ्यात खारट आणि नदीतले जीव सगळ्यात नाजूक असतात त्याच महिन्यात. लवादाची १ जून ही तारीख सगळ्या कृष्णा खोऱ्याच्या पाणीवाटपाचा पाया आहे, ती कुणी हलवणार नाही. पण मे महिन्याचा वाटा मार्चमध्येच बाजूला काढून ठेवायला कुठल्या लवादाची परवानगी लागत नाही.

आणि हे सगळं चालू असताना अवजल मुंबईला न्यायचा प्रस्ताव दर काही वर्षांनी वर येतो. मुंबईची तहान खरी आहे. चिपळुणात लगेच "आमचं पाणी" अशी हाकाटी उठते. उसनं आणलेलं पाणी साठ वर्षांत आमचं झालं, याचं मला हसू येतं. पण ते पाईपात घातलं तर नदीत काय उरलं पाहिजे, कोणत्या महिन्यात, कोणत्या वेळी, याचा आकडा आज कुणाकडे लिहिलेला नाही. आकडा नसताना वाटाघाटीला बसलं की नदीच्या वाट्याला "उरलेलं" येतं.

गेल्या वर्षी ३१ मेच्या संध्याकाळी मी मुद्दाम गोवळकोटला गेलो. ओहोटी लागली होती. काका होडीच्या कडेला बसून होते, जाळं अजून कोरडं. बोट बुडवून जिभेला लावलं, थुंकले. "खारा हाय," म्हणाले. "उद्यापासनं काय सोडतील ता बघू." मग उठून पाग खांद्यावर घेतला.